मे महिन्यातली विहीर आणि घरातलं बाकी सगळं: दापोली किनाऱ्यावरच्या एका घराचा प्रकरण अभ्यास

दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावातलं हे घर. समुद्राची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. घरच्यांच्या इच्छेवरून गावाचं आणि त्यांचं नाव इथे देत नाही. माणसं सहा: आजी, काका, काकू, मुलगा, सून आणि सातवीतली नात. जुनं कौलारू घर, मागे माड-पोफळीचं आगर, गोठ्यात दोन गाई, आगराच्या मधोमध विहीर. घराच्या एका अंगाला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आगरातले निम्म्याहून जास्त माड आणि पोफळी आडव्या झाल्या. मुंबईत नोकरी करणारा मुलगा घर सावरायला म्हणून आला आणि इथेच राहिला. आता घर चालतं ते आगरापेक्षा खोल्यांवर जास्त.

घर पर्यावरणपूरक करायचं हे मुलाने मनावर घेतलं होतं आणि यादीही तयार होती: छतावर सोलर, गोबरगॅस, अंघोळीच्या पाण्याला सौर बंब, आगराला ठिबक, पावसाचं पाणी विहिरीत. पैसे सगळ्याला पुरणार नव्हते. शिवाय या पाचही गोष्टी या घराला सारख्या लागू पडत नव्हत्या. घरगुती पाणी आणि ऊर्जेची कामं मी करतो, म्हणून त्याने मला बोलावलं. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: काय विकत आणायचं ते नंतर ठरवू, आधी या घरात वर्षाच्या कुठल्या महिन्यात काय कमी पडतं ते बघू. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत त्याचं उत्तर मे महिन्यातलं पाणी हेच असतं.

विहीर

एप्रिलच्या मध्यापासून या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागायचं. मेमध्ये साबणाला धड फेस येत नसे, पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाण्याचे खोके दापोलीहून यायचे आणि घरच्यासाठी काकू वरच्या वाडीतल्या विहिरीवरून कळशीने पाणी आणायच्या. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथली ही गत. आजींना आठवतं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीवर रहाट होता आणि मेमध्येही पाणी गोडं असायचं.

आजींची आठवण खरी मानायला शास्त्राचाही आधार आहे. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं असतं. भूजलाचा ढोबळ हिशोब असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याचा थर जितका असेल, त्याच्या साधारण चाळीसपट जाड थर पातळीच्या खाली असतो. उलटीकडून वाचलं तर उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. हे एका दिवसात होत नाही. पण जानेवारीपासून रोज तेच चाललं तर मेपर्यंत होतं. रहाट हळूहळू उपसायचा, तेवढ्यात झरे भरून यायचे. दीड हॉर्सपॉवरचा पंप सकाळी एकदा लावला की विहिरीचा तळ दिसेपर्यंत चालायचा आणि ते पाणी मातीच्या पाटातून सगळ्या आगराला सोडलं जायचं. वाळू अर्धं पाणी वाटेतच पिऊन टाकायची.

म्हणून यादीतलं ठिबक सगळ्यात वर आलं आणि त्याच्याबरोबर यादीत नसलेली एक गोष्ट: लहान पंप. अर्धा हॉर्सपॉवरचा, दिवसातून तीन वेळा थोडा थोडा वेळ चालणारा. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला सुमारे ३० ते ४० लिटर पाणी पुरतं. आळं भरून देताना याच्या कितीतरी जास्त जायचं.

काकांना हे पटायला वेळ लागला. आळ्यात पाणी उभं राहिलेलं दिसलं नाही की माड तहानलेला आहे असं त्यांना वाटे. त्यांची खात्री पटली ती सोडणांमुळे, म्हणजे नारळावरच्या काथ्याच्या सालींमुळे. माडाच्या बुंध्यापासून पाचेक फुटांवर गोल चर खणून त्यात नारळाची सोडणं थरांनी रचली, प्रत्येक सोडणाची खोलगट बाजू आभाळाकडे ठेवून, आणि वर माती ओढली. सोडण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि कुजताना पालाश देतं. मार्चमध्ये काकांनी एका चरातली माती हाताने उकरली तर दोन दिवस ठिबक बंद असूनही खालचं सोडण पिळण्याइतकं ओलं निघालं. ते त्यांनी काकूंना बोलावून दाखवलं. त्यानंतर पाट भरायचा विषय त्यांच्याकडून निघाला नाही.

सांडपाण्याची वाट जुन्या घरांत असायची तशीच पुन्हा काढली. न्हाणीघराचं पाणी केळींना आणि अळवाला, मोरीचं पाणी एका जाळीच्या खड्ड्यातून जाऊन त्याच रांगेत. धुण्याच्या पावडरीने जमिनीत क्षार साठतात, म्हणून पावडर निम्मी केली. भांड्यांना आजी अजूनही राख आणि सोडणाची किशी (काथ्याचे धागे) वापरतात, सुनेनेही तेल-तुपाची भांडी सोडून बाकीच्यांना तेच सुरू केलं. खोल्यांच्या संडासाचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून फार जवळ निघाला. हा विषय बोलायला कोणाला आवडत नाही, पण रेतीतून घाण पाणी लांबवर झिरपतं. किमान १५ मीटरचं अंतर तरी हवंच. तो खड्डा हलवायला सोलरच्या पैशातले पैसे गेले आणि ते जायलाच हवे होते.

आता पावसाचं पाणी. कौलाचं छप्पर सुमारे १५० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे मोसमात ३,००० मिलिमीटर धरले तर साडेचार लाख लिटर. उडून आणि उतून पाचवा हिस्सा गेला तरी ३ लाख ६० हजार उरतात. हा आकडा ऐकला की सगळे म्हणतात, विहिरीत सोडू या. मी इथे जरा थांबवतो. या भागात जुलैमध्ये विहिरी काठोकाठ असतात. तेव्हा आत सोडलेलं पाणी रेतीतून आणि जांभ्यातून समुद्राकडे वाहून जातं, मेसाठी ते थांबत नाही. देशावर ज्या उपायाने विहीर तगते, तो किनाऱ्यावर तसाच्या तसा चालेल असं धरू नये. कौलांवरचं पाणी आगरात मुरू द्यायला काहीच हरकत नाही. उन्हाळ्यासाठी मात्र ते झाकून ठेवलेलंच हवं.

किती ठेवायचं याचा हिशोब सोपा निघाला. पिणं आणि स्वयंपाक माणशी १० लिटर धरलं, तर सहा माणसांना मार्च ते मे असे ९० दिवस ५,४०० लिटर लागतात. पाहुण्यांच्या पिण्याचे दोनेक हजार. म्हणून फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली, ८,००० लिटरची टाकी बांधली आणि तिला घराच्या मागच्या उतरणीची पन्हळ जोडली. ती अर्धी उतरण धरली तरी १३३ मिलिमीटर पावसात टाकी भरते. भर पावसाळ्यात एवढा पाऊस दोन-तीन दिवसांत पडतो. पण जूनचं पाणी तीत घ्यायचं नाही. कौलांवरचं शेवाळ, पाखरांची विष्ठा, वाळका पाला हे सगळं जून-जुलैमध्ये धुऊन जाऊ द्यायचं आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात छप्पर स्वच्छ झाल्यावर टाकी भरायची. तोंडाला बारीक जाळी, आत उजेड अजिबात नाही, पिण्यासाठी पाणी उकळून. या घरात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असं विचारलं तर मी या टाकीचं नाव घेईन. काकूंची कळशी थांबली आणि बाटल्यांचे खोके थांबले.

विहिरीचं म्हणाल तर नातीला पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा टीडीएस मीटर आणून दिला. दर रविवारी ती आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा आणि दुसरं पाणी नसेल तर २,००० ही शेवटची. ते दोन्ही आकडे तिने वर लाल पेनाने लिहून ठेवले आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मचूळपणा एप्रिलच्या मध्याऐवजी मेच्या अखेरीस जाणवला. एका वर्षावरून फार बोलू नये, वळवाची सर लवकर आली की चित्र बदलतं. म्हणूनच ते कॅलेंडर काढून टाकू नका, असं मी त्यांना बजावलं आहे.

बंबात काय जळतं

सौर बंब मी यादीतून काढायला लावला. गरम पाण्याची खरी गरज इथे पावसाळ्यात आणि थोडीफार थंडीत. पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन आहे तर गरम पाणी कोणाला नको. गीझर लावला तर सहा बादल्या पाण्याला रोज साधारण दीड युनिट वीज जाते. आणि आगरात जळण पडलेलं असतं. माड वर्षाला बाराएक झावळ्या टाकतो. वादळातून वाचलेले आणि नंतर लावून मोठे होत असलेले धरून तीसेक माड आहेत, त्यांच्या झावळ्या, करवंट्या आणि चरात घालून उरलेली सोडणं तांब्याच्या बंबाला पुरून उरतात. तेव्हा जुना बंब ठेवला, फक्त त्याचं धुराडं छपराच्या वर नेलं. चुलीचा आणि बंबाचा धूर बायकांच्या छातीत जातो. जळण फुकट आहे म्हणून त्याकडे काणाडोळा करता येत नाही.

पण खरं काम वेगळंच निघालं. पावसात चुडतं, म्हणजे वाळलेल्या झावळ्या, सादळतात, पेट घेत नाहीत. तेव्हा सून काय करायची, तर दुधाच्या रिकाम्या पिशवीचा बोळा करून काडी लावायची आणि तो चुडतांखाली सरकवायची. पिशवी नसेल तर वेफर्सचं पाकीट. ते वितळत, टपटपत जळायचं, काळी काजळी बंबाच्या पोटाला चिकटायची आणि तो वास घेतच नात न्हाणीघरात जायची. कोकणात फिरताना हे मी घराघरांत पाहिलं आहे. शहाणी, मुलांना जपणारी माणसं हे करतात, कारण कचऱ्याची गाडी गावात येत नाही आणि पिशवी हाताशी असते. प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू आणि बारीक काजळी असते. पीव्हीसी असेल तर त्यातून डायॉक्सिनही निघतं, आणि डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं. घर पर्यावरणपूरक करायच्या सगळ्या गोष्टींत ही एक बंद करायला पैसा लागत नाही आणि मला ती सगळ्यात निकडीची वाटते.

उपाय होता कोरड्या चिपाट्यांचा. बंबाच्या वर, पडवीच्या आढ्याखाली बांबूचा छोटा माळा बांधला. मेअखेरीस त्यावर करवंट्या, सोडणाची किशी आणि बारीक मोडलेली चुडतं भरून ठेवायची. खालच्या उबेने ती पावसाळाभर खडखडीत राहतात. मूठभर किशी आणि दोन करवंट्या टाकल्या की बंब पेटतो. काजूची टरफलं मात्र त्यात घालायची नाहीत. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो.

गोबरगॅस: हिशोब आधी

दोन घनमीटरचा गोबरगॅस बसवा, असं एकाने मुलाला सांगितलं होतं. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. या घरच्या दोन गाई गावठी, लहान बांध्याच्या, दिवसभर रानात चरणाऱ्या. गोठ्यात पडतं ते रात्रीचं शेण, तेही पंधरा किलोच्या आतबाहेर. दोन घनमीटरचं संयंत्र निम्म्याहून जास्त उपाशी राहिलं असतं. कोकणात अशी उपाशी राहून बंद पडलेली आणि पावसात गवताने झाकलेली संयंत्रं मी बरीच पाहिली आहेत.

शेवटी एक घनमीटरचं बसवलं आणि उरलेली भर खोल्यांच्या स्वयंपाकघरातून निघणाऱ्या खरकट्यावर ठेवली. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या चमूने, पिठूळ खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं आणि २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला, हे मुलाने वाचलं होतं. शिळा भात, पेज, फणसाच्या आठळ्यांचं उकडलेलं उरलंसुरलं याला गॅस शेणापेक्षा लवकर धरतो. एक घनमीटर गॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीच्या जागी चालतो. पूर्ण क्षमतेने महिनाभर चाललं तर तेरा किलो होतात, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरच्या जवळपास. इथे त्याच्या निम्मं-पाऊण मिळतं. सकाळचा चहा, पेज आणि गाईंचं आंबोण त्यावर होतं. मे महिन्यात काळजी घ्यावी लागते. आंब्याच्या साली आणि बाठ्यांना चिकटलेला रस एकदम ओतला की टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. साली गाईंना, बाठे आगराच्या खड्ड्यात, हा नियम काकूंनी खोल्यांच्या मोरीवर लिहून लावला आहे. बाहेर पडणारी मळी नव्या माडांच्या आळ्यात जाते.

वीज

इथे थोडक्यात आटोपतं. दिवे आधीच एलईडी होते. पंखे जुने, ७५ वॅटचे. त्यातले पाच बदलून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे महिन्याला ५५ किलोंच्या वर फक्त पंख्यांनी कमी झाला. खोल्यांना एसी बसवायचा बेत होता. त्याआधी स्लॅबवर झावळ्यांच्या झापांची सावली करून, समोरासमोर खिडक्या मोकळ्या करून एक उन्हाळा काढून पाहू या, असं ठरलं. एका खोलीत ते पुरलं. पश्चिमेच्या खोलीत पुरलं नाही, तिथे एसी बसला.

सोलरबाबत मुलाची खरी ओढ निराळी होती. निसर्ग वादळानंतर गावात कित्येक आठवडे वीज नव्हती, आणि पॅनल असते तर आपल्याकडे दिवे राहिले असते असं त्याला वाटत होतं. बहुतेकांचा हा समज असतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ज्या जोडणीला ते मिळतं ती महावितरणच्या तारेशी बांधलेली असते. तारेतली वीज गेली की लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. ऊन असलं तरी घरात वीज येत नाही. वादळासाठी वेगळी बॅटरी लागते. त्यामुळे आत्ता त्याने एक छोटं पॅनल, बॅटरी, चार दिवे आणि मोबाइल चार्जिंग एवढंच स्वतंत्र बसवलं. मोठं सोलर पुढच्या दिवाळीनंतर, जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या सांगाड्यावर. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, आणि पश्चिमेच्या वाऱ्यात सैल बोल्ट म्हणजे शेजाऱ्याच्या कौलावर आपलं पॅनल.

जे विकत घेतलं नाही तर बरं

पिशव्या जाळायच्या थांबल्या, मग त्यांचं करायचं काय? धुऊन, वाळवून, पोत्यात भरून मांगरात (आगरातल्या खोपटात) ठेवायच्या आणि दापोलीला जाताना भंगारवाल्याला द्यायच्या. दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या तो घेतो. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं घेत नाही. त्यांच्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. त्या पाकिटांचं पोतं मांगरात तसंच पडून आहे. यावर माझ्याकडेही तोडगा नाही, घरात कमी आणणं एवढाच मार्ग. पाहुण्यांना संध्याकाळी पाकिटांऐवजी तळलेले फणसाचे गरे आणि कोकम सरबत मिळतं, सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद पापुद्र्याच्या, द्रोण-पत्रावळीत. खोलीत तांब्याचा तांब्या आणि काचेचे पेले ठेवलेत. टाकीचं उकळलेलं पाणी आहे हे सांगितलं की बहुतेक पाहुणे पितात, काहीजण आपली बाटली घेऊन येतात. त्यांना रिकामी बाटली परत न्यायची विनंती सून करते, आणि बरेच जण नेतात.

हे सगळं आगरापुरतं नाही. पर्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलेली पिशवी पहिल्या मोठ्या पावसात खाडीत जाते आणि तिथून पुळणीवर येते. वेळास, आंजर्ले, केळशीच्या याच पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून त्यांची घरटी राखली जातात. नातीच्या शाळेची सहल तिथे जाऊन आली, आणि पर्ह्यात कचरा टाकणाऱ्या शेजारच्या काकांना ती आता स्वतःच थांबवते.

शेजारची विहीर

या घराचं काम जिथे अडतं ती जागा कुंपणापलीकडे आहे. उत्तरेला नवं रिसॉर्ट झालं आहे. त्यांची बोअरवेल, पोहण्याचा तलाव, हिरवळ. पंप दिवसभर चालतो. जमिनीखालचं गोडं पाणी सगळ्यांचं एकच आहे. या घराने उपसा निम्मा केला तरी शंभर पावलांवर दुप्पट होत असेल तर खारं पाणी यायचं ते येणारच. त्यामुळे नातीच्या कॅलेंडरची मला जास्त किंमत वाटते. मुलाने आजूबाजूच्या चार घरांना तसाच मीटर घ्यायला लावला आहे. आकडे एकत्र करून येत्या ग्रामसभेत मांडायचे, आणि मार्च ते जून या काळात किनाऱ्यालगतच्या सगळ्या पंपांना वेळ ठरवून द्यावी असा ठराव मागायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. रिसॉर्टचा व्यवस्थापक आकडे बघायला घरी येऊन गेला. त्यांच्या बोअरवेललाही मेमध्ये खारं पाणी लागलं होतं, असं त्याने काकांना सांगितलं.